कारण

पौष. मकरपुऱ्याची हवा इतकी कोरडी
की शेडच्या लोखंडी दाराची कडी
आधी बोटाला चावते, मग उघडते.

टेबलावर भरूचहून परत आलेली चार बोर्डं,
सोबत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी :
पोतानी मेळे बंद थयुं.
आपोआप काही बंद पडत नसतं, दिघेबाई म्हणाल्या,
कुणीतरी केबल खोचली असणार,
अंगात नायलॉनचा स्वेटर असणार.

भिंगाखाली पाहिलं.
पाठवणारी वाट जळालेली,
ऐकणारी शाबूत.
म्हणजे आठवडाभर चिपला सगळं ऐकू येत होतं,
उत्तर तेवढं देता येत नव्हतं.

मी म्हटलं, तोंडाशीच दणकट डायोड बसवू,
वीज आली की जमिनीत ढकलून देईल.
बसवला.
स्कोपवर सेकंदाला पाच अब्ज शून्य-एक
एकावर एक पडत जातात
आणि मधे एक डोळा उमटतो.
तो मिटत चालला,
दुपारच्या जेवणानंतर मिटतो तसा.
राखणदार एवढा अंगानं मोठा
की घरच्यांनाच बाहेर पडायला जागा नाही.

मग लहान. मग त्याहून लहान,
राजगिऱ्याच्या दाण्याएवढा.
नमुन्याचे पाचच आले होते,
एक चिमट्यातून उडाला
आणि अर्धा तास आम्ही दोघी फरशीवर रांगत,
मनगटाचे पट्टे टेबलाला लटकत.

डोळा उघडला. पुरता नाही,
पुरेल एवढा.

नंतर पिस्तूल : आठ हजार व्होल्ट,
दहा वेळा अधिक, दहा वेळा उणे.
वीस वर्षं झाली तरी बाई कान झाकतात.
बोर्ड बोलत राहिलं.

आणि हा मेला तर?
मेला तर वाट जमिनीला जोडून मरतो.
म्हणजे बोर्ड पुन्हा मुकं.
मुकं, बाई म्हणाल्या, पण चिप जिवंत.
चार रुपयांचा दाणा बदलायचा.
त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं
की मी त्या दाण्याकडे पुन्हा पाहिलं.

अहवालात कारणाच्या रकान्यात
मी लिहिलं होतं : स्थिर विद्युत.
बाईंनी ते खोडलं,
लिहिलं : स्पर्श.

सुटताना फाटकापाशी
स्कूटरची किल्ली त्यांच्या हातात देताना
टिक् —
दोघींचीही बोटं मागे.
किती असेल? त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, चार हजार तरी.
त्यांनी बोट चोळत विचार केला.
तीन.