लिहून देणार

करार अठरा पानांचा. त्याला टाचणी लावावी लागली,
स्टेपलरच्या पिना मार्चमध्येच संपल्या.
पहिला पक्ष नागपूरची संस्था. दुसरा पक्ष आम्ही,
म्हणजे कोरचीच्या रस्त्यावरचं कॉलेज,
अकरा खोल्या, एक बोअर,
आणि एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, प्रवेशक्षमता वीस.
माझं नाव यात कुठेच नाही. टायपिंग तेवढं माझं.
'उभयपक्षी' हा शब्द मी चार वेळा चुकवला.

याच कागदाने इथे एम.एस्सी. आली, हे मान्य.
त्याआधी बी.एस्सी. झालेली पोरं
नागपूरच्या गाडीत बसत, किंवा बसत नसत.
पोरी बहुतेक बसत नसत.
मग ट्रकमधून डीप फ्रीझर आला, तणसात गुंडाळलेला.
महिन्यातून दोनदा बेलसरे मॅडम येतात,
लाइट असली तर मशीनवर शिकवतात,
गेली तर खडूने.

आता पाच वर्षं भरली. नूतनीकरणाचा मसुदा आला.
कलम सात नवं होतं:
'प्रकल्पातील सर्व नमुने व निष्कर्ष
यांची मालकी पहिल्या पक्षाकडे राहील.'
मी ते टाइप करून पुढे गेलो.
कलम आठ प्रवासभत्त्याचं होतं, ते नीट वाचलं.

कलम सात वाचलं जैवंता कोरेटीने.
दुसरं वर्ष, विषय धानाचे जुने वाण.
फ्रीझरमध्ये तिच्या चौतीस पुड्या आहेत.
लुचई आहे, हिरानक्की आहे,
आणि एक असं, ज्याला तिच्या गावात नावच नाही,
सगळ्यांच्या मागून पिकतं म्हणून
नुसतं 'मागचं धान' म्हणतात.

"बाबूजी, हे बियाणं माझं नाही ना जी.
गावाकडून वाढीदिढीनं आणलं.
पायली नेली तर दीड पायली वापस.
आता हा कागद म्हणते, पायली त्यांची.
मंग दीड पायली मी कोठून आणू?"

चोवीस वर्षं फायली सांभाळतो आहे.
हा प्रश्न एकाही ऑडिटने विचारला नव्हता.

शनिवारी तिने ग्रामसभेचा कागद आणला.
वहीचं पान, निळी शाई,
एकवीस सह्या, नऊ अंगठे:
'बी शिकायसाठी दिलं आहे.
विकायसाठी नाही.
शिकून झालं की दिढीनं परत करावं
अन् काय शिकली ते गावात येऊन सांगावं.'
संपलं. तिथे कलम आठ नव्हतं.

प्राचार्यांनी चष्मा काढला.
"यांना कोणता पक्ष म्हणायचं?"
मी म्हटलं, खरेदीखतात असतं तसं.
हे लिहून देणार.
नागपूर आणि आपण, दोघंही लिहून घेणार.
ते हसले नाहीत. बराच वेळ अंगठे बघत बसले,
मग म्हणाले, टाइप करा.

रजिस्टर पोस्टाने पाठवून आज तेवीस दिवस झाले.
नागपूरहून उत्तर नाही.
एकतीस जुलैला जुना करार संपतो.
सही झाली नाही तर फ्रीझर आला त्याच वाटेने जाईल,
मॅडमचं येणं थांबेल,
आणि वीस पोरांपैकी काही जण
माझ्या टेबलापाशी येऊन गप्प उभे राहतील.
जैवंताला हे माहीत आहे.
एकदा विचारलं, मागे घ्यायचं का परिशिष्ट?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी शिक्क्याची शाई शोधू लागलो.

ती रोज सकाळी येते, फ्रीझरच्या वहीत लिहिते:
उणे अठरा. उणे सतरा. लाइट नाही.
उणे अकरा. उणे अठरा.

दुपारी गावात सांगायच्या भाषणाची तयारी करते, गोंडीत.
जनुक या शब्दापाशी अडली आहे.
मावशीला विचारलं, गावच्या भूमियाला विचारलं,
काल मला विचारलं,
"बाबूजी, तुमच्यापाशी आहे का एखादा शब्द?"

मी म्हटलं, माझ्याकडे फक्त उभयपक्षी आहे,
आणि तोही अजून
नीट टाइप होत नाही.