चुंबकाच्या खोलीबाहेर

किल्ल्या, घड्याळ, केसांतली पिन,
कायतानच्या पट्ट्याचं बक्कल,
सगळं बाहेरच्या ताटलीत.
लाल रेघेच्या आत लोखंड चालत नाही.
ताळगावच्या पठारावर वीज गेली तरी
हा चुंबक झोपत नाही,
हेलियमच्या थंडीत उभा.

डुकराची महाधमनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली,
रुजारनं केळीच्या पानात बांधून दिलेली.
"हिचं कसलं जेवण, बाई?"
जेवण नाही, म्हटलं, ऐकायची आहे.
सुटे परत द्यायचेच विसरला तो.

अल्कलीत उकळली. मांस गेलं, कोलॅजेन गेलं,
मागे राहिलं इलास्टिन,
पिवळट, हट्टी, ताणलं की परत येणारं.
वाळवून, कुटून, तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत भरलं,
चोपन्न अंशांवर कलवून
रात्रभर गरगर फिरवलं.
सकाळी पडद्यावर
एक सुस्त टेकाड, बस.

कायताननं खिडकीतूनच पाहिलं.
"उदक दी ताका, बाये."
एक थेंब दिला.
दुसऱ्या रात्री कणा सैलावला,
ग्लायसीन, व्हॅलीन, प्रोलीन
वेगवेगळे उभे राहिले,
हजेरीला नाव घेतल्यासारखे.

बाबा कुडक्याला मानशीचं दार सांभाळायचे.
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं,
बांधामागं गोडी शेती.
म्हणायचे, पाण्यातलं लाकूड कुजत नाही,
उन्हात काढलं की फुटतं.
माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण
याहून जास्त काही सांगत नाही.

फक्त हे:
हा तंतू आईच्या पोटात विणायला घेतात,
बाळपण सरता सरता माग बंद.
पुढची सत्तर वर्षं
तेवढ्याच विणीवर.

बांबोळीला डॉक्टर म्हणाले, फुगलीय,
साडेचार सेंटिमीटर. एमआरआय करून घ्या.

आणि बाबा अंगठी काढेनात.
होडीच्या खिळ्याची, शनीसाठी घातलेली,
बोटात रुतून बसलेली.
"साडेसाती केव्हाच संपली, बाबा."
"तुका कितें खबर?"

बेसिनपाशी त्यांचा हात धरला,
साबण लावला, पाणी सोडलं.
कातडी सुरकुतलेली, ढिली,
ओढली की तशीच राहणारी.
अंगठी आली. बोटावर
फिकट, गुळगुळीत एक वळं.

आत चुंबक ठोकायला लागला.
मी बाकावर, मुठीत लोखंड,
माझं मलाच ऐकू येत होतं
मनगटाशी,
दार मिटतंय, उघडतंय.