एकोणनव्वद युरोंचा ठाव

दुकानात तीन होते.
पहिल्याच्या पडद्यावर अख्खा तळ रंगीत, नकाशासकट;
किंमत आमच्या बोटीच्या किमतीहून जेमतेम शंभरानं कमी.
दुसरा मासे दाखवायचा, इवलेसे, शेपटीवाले.
दुकानातला पोरगा प्रामाणिक होता, म्हणाला,
बुडबुडा आला तरी हा मासाच काढतो.
तिसऱ्याला फक्त आकडा येत होता.
करड्या काचेवर काळा आकडा.
एकोणनव्वद युरो.
म्हटलं, हाच दे बाबा, गप्पा मारायला घरात भाऊ आहे.

भावाला, हिल्डिंगला, ते काही रुचलं नाही.
एकाहत्तर वर्षांचा तो,
रेप्लॉट बेटाभोवतीचा एकेक खडक त्याला नावानिशी ठाऊक:
म्हातारीची चूल, पाद्र्याची टोपी, बोकड.
त्याच बोकडानं गेल्या ऑगस्टमध्ये
आमच्या सुकाणूचा कोपरा खाल्ला.
'इथं बाबांच्या छातीएवढं पाणी असायचं,'
बंदरापर्यंत तो एवढंच म्हणत राहिला,
जणू पाण्यानं शब्द मोडला होता.

पाण्यानं नाही मोडला.
आमच्याकडे जमीनच वर येते.
कधीकाळच्या बर्फाखाली दबलेली
अजून पाठ सरळ करते आहे,
वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर.
बाबांनी बोकड दाखवला तेव्हा हिल्डिंग नऊ वर्षांचा होता.
बासष्ट वर्षं.
गुणाकार मी मनातच केला.

भोक पाडायचं नाही, हे आधीच ठरलेलं.
तळाला भोक हे शब्दसुद्धा
त्यानं धक्क्यावर उच्चारू दिले नाहीत.
म्हणजे आतून चिकटवणं आलं.
आवाज फायबरमधून जातो, फायबर भरीव असेल तर;
मध्ये लाकूड असलं की तिथंच मरतो.
मी चमच्यानं वाजवत गेले, टक्, टक्, बद्द,
पुन्हा टक्.
तिथं प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ठेवलं,
पिशवीत ते काळं बटणासारखं टोक बुडवलं,
आणि वरून हिल्डिंग ओरडला, 'तीन पूर्णांक चार!'
मग गप्प झाला. ओरडल्याचा त्याला रागच आला असावा.

डिंक सावकाश वाळणारा घ्यावा लागतो.
आत हवा राहिली तर यंत्र आंधळं.
टोक गोल फिरवत दाबायचं, जातं फिरवावं तसं,
आणि मग नुसतं धरून बसायचं.
माझं मनगट दुखायला लागलं तेव्हा
न विचारता त्यानं आपला हात वर ठेवला,
जड, खरखरीत, डांबराच्या वासाचा.
पाऊण तास.
बोटीच्या पोटात वाकून बसलेले आम्ही दोघं,
बोललो ते फक्त फ्यूजबद्दल
आणि उरलेली वायर कापायची नाही याबद्दल.

दुसऱ्या दिवशी खाडीत यंत्र म्हणालं, दोन पूर्णांक एक.
हिल्डिंगनं बाबांची शिशाची दोरी काढली,
गाठी मोजत सोडली, ओढली.
दोन मीटर चाळीस.
'तीस सेंटिमीटर खोटं बोलतंय!'
इतका खूश तो सुकाणू मोडल्यापासून झाला नव्हता.

मला ठाऊक होतं.
यंत्र मोजतं ते स्वतःच्या पायाखालचं,
आणि ते चिकटवलंय पाण्याच्या तीस सेंटिमीटर खाली.
पुस्तिकेत पान अकरा: दोन बटणं एकदम दाबा,
फरक मिटतो.
मी दाबली नाहीत.
चुकतंय ते आपल्या बाजूनं चुकतंय.
शिवाय दोरी जिंकलेली त्याला हवी होती.

परतताना बोकडाच्या वाटेवर आकडा उतरत गेला,
एक नऊ, एक चार, एक एक,
आणि मी काही म्हणायच्या आत
त्यानं सुकाणू वळवलं. 'मला वळायचंच होतं.'

आता जून आहे.
मी दोरखंड आवरत असते पुढं,
आणि मागून तो आकडे मोठ्यानं सांगतो,
काचेकडे न बघितल्यासारखं करून,
जणू त्याला आठवलेत.