छापील किंमत

एकतीस वर्षं छावणीच्या मंडीत काटा सांभाळला.
गहू, सोयाबीन, डॉलर चणा.
मका सगळ्यात शेवटी, भिंतीकडेला,
कोंबड्यांच्या खाद्यवाल्यांसाठी.
त्यामुळे भाचा विश्राम ग्लास भरत म्हणाला,
मामा, बर्बन. ही मक्याची असते,
तेव्हा मी हसलो. ग्लास उजेडाकडे धरला.
मका असा रंग कधी धरत नाही.

पण पहिल्याच घोटाला
शेगडी आठवली.
शेगडीवर भुट्टा विसरला की
एका बाजूचे दाणे काळे पडतात
आणि नेमके तेच गोड लागतात. तसं.
आम्ही इंदूरचे, कणसाला भुट्टाच म्हणतो,
पुण्याचे व्याही काहीही म्हणोत.

भाचा परत गेला. बाटली तीन आठवड्यांत गेली,
झाकणाने मोजून घेतली, तरी गेली.
मग सुरू झालं माझं हिंडणं.

पलासियाला काचेच्या दुकानात,
जिथे विकणाराही इस्त्रीतला,
सांगितले पाच हजार दोनशे.
कशाचे? मी विचारलं.
सर, इम्पोर्टेड है.
मका बाविसशे क्विंटल. मनात भागाकार झाला:
दोन क्विंटल छत्तीस किलो.
चार पोती, शेवटचं जरा उणं,
एका बाटलीत.
गेंदालाल हम्माल एवढं ट्रकवर चढवायचा
तेव्हा त्याला चाळीस रुपये मिळायचे
आणि वर माझी एक बिडी.

विजयनगरात एकाने दुसरीच पुढे केली,
तीच आहे म्हणाला, फक्त कंपनी वेगळी.
लेबलवर घोडा. चष्मा कपाळावर चढवून
बारीक अक्षरं वाचली:
मळी, रंग, एसेन्स.
माल बदलून दाखवणारे मी आयुष्यभर पाहिलेत,
वर टपोरा दाणा, तळाला माती.
घोड्याला नमस्कार केला आणि निघालो.

वसुमती म्हणाली, एवढं हिंडून
तुम्ही पोरीला स्थळ नाही पाहिलंत.
खरं आहे. ते तिनेच पाहिलं.

महूला गेलो तो चुलतभावाच्या तेराव्याला.
परतीच्या बसला वेळ होता
आणि कोपऱ्यावर जाळीचं दुकान.
रमच्या मागे, खालच्या फळीवर,
मान तेवढी दिसत होती.
जगन सिलावटने ती ओढून काढली,
बाहीने पुसली, धूळ दोनदा पुसावी लागली.
छापील किंमत अठ्ठावीसशे पन्नास.
त्याने आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
हा क्षण मला ठाऊक आहे:
काटा अजून थरथरतोय
आणि दोघेही श्वास धरून उभे.

आणि मीच बोलून बसलो,
छाप जुना आहे, आता जास्त असेल.
एकतीस वर्षांची खोड, दुसरं काय.
खिशातल्या हाताला माझाच राग आला.

जगन म्हणाला, भिया, जो छपा है सो छपा है.
पाँच साल से खड़ी है बेचारी,
किराया थोड़े लूँगा.

बसमध्ये ती मांडीवर, तेराव्याच्या लाडवांच्या पिशवीत.
राऊपाशी ऊन आलं तेव्हा दिसलं,
पातळी गळ्यापासून बोटभर खाली.
सील शाबूत. कोणी उघडली नव्हती.
मंडीत आम्ही याला सुकीची घट म्हणायचो,
शेकडा दीड, वहीत वेगळा रकाना.
कोणी चोरलं नाही, कोणी खाल्लं नाही,
माल नुसता राहिला, त्याचं हे.
जगनने सोडलेलं भाडं
कुणीतरी वसूल केलंच होतं,
आणि बोटभरच. म्हटलं, रास्त आहे.

रात्री वसुमतीने ग्लासात नाक घातलं.
करपलाय, म्हणाली.
मग स्वतःची स्टीलची वाटी घेऊन आली,
पुढ्यात बसली,
आणि अगदी गंभीरपणे विचारलं,
याला लिंबू-मीठ चोळतात का?