वाचण्यापुरता

सुपडू फिरके निवृत्त झाले त्या दिवशी वरण-बट्टी होती.
हात धुऊनही बोटांना तुपाचा वास,
मला संगणकाच्या खोलीत नेलं, दार लोटलं,
आणि पासवर्ड कागदावर लिहायला साफ नकार दिला.
‘कानात घे,’ म्हणाले. ‘कागद सावद्यात फिरतो.’

अकराशे बेचाळीस पत्ते आहेत या यादीत.
रावेर, यावल, फैजपूर, निंभोरा,
बऱ्हाणपूरचे दोन दलाल, दिल्लीचे नऊ,
शारजात एक मुलगा, त्याची बाग इथे त्याची आई बघते.
रोज दुपारी चारला सगळ्यांना एकच मेल:
नवती इतके, पिलबाग इतके, वापसी इतके,
फरक इतका.
खाली ‘आपला विश्वासू’सुद्धा नाही.

वर मालक. त्याला कुणालाही घेता येतं, काढता येतं,
अख्खी यादी पुसता येते एका बोटाने.
मधे पारखणारा, आलेलं पत्र अडवतो किंवा सोडतो.
(चेअरमनच्या भाच्याला तेवढंच दिलंय.
त्याला वाटतं सगळं दिलंय.)
आणि खाली वाचणारे.
त्यांनी उत्तर लिहिलं तर ते कुठेच जात नाही.
तरी लिहितात.
साहेब, फरक वाढवा. साहेब, रात्री वारं झालं, अर्धी बाग आडवी.
ती पत्रं मालकाच्या खोलीत साठत जातात.

पासवर्ड होता ‘चुकलो१३१०’.
आता सांगायला हरकत नाही, मी तो बदललाय.
नवा कोणता ते नाही सांगत.
कविताही सावद्यात फिरते.

कुठल्याशा मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत, वीज नुकती आलेली,
त्यांच्या हातून अकराशे तीसचे तेराशे दहा झाले.
चार ते सव्वापाच. तेवढा वेळ.
तेवढ्यात निंभोऱ्याकडे सतरा गाड्यांचा माल कापून झाला.
आणि कापलेला घड
परत झाडाला लावता येत नाही.

त्यांना कुणी काढलं नाही, कुणी फार बोललंही नाही.
म्हणून त्यांनीच तो आकडा कुलपात घातला
आणि पुढं सोळा वर्षं
भाव लिहायच्या आधी रोज तो लिहिला.

माणूस गेला की कुलूप बदलायचं, असा नियम.
मी बदललं. मालकाच्या जागी माझं नाव घातलं, त्यांचं काढलं.
यंत्राने विचारलं, नक्की?
एकदाच विचारलं.

चौथ्या दिवशी फोन.
‘पोरी, भाव काय निंघला आज? मले आलाच नाही.’
मी यादी वरून खाली, खालून वर पाहिली.
फिरके अकरा आहेत. सुपडू एकही नाही.
सोळा वर्षं भाव पाठवणारा माणूस
वाचणाऱ्यांत कधी नव्हताच.
स्वयंपाक त्याचा, पण पान मांडायचं राहून गेलेलं.
आणि पाचशे खोडं आहेत त्यांची, कांदेबाग,
कापायला आलेली.

अकराशे त्रेचाळीसावा पत्ता घातला.
पायरी: फक्त वाचणे.
मग यंत्राने आपल्या शिरस्त्याप्रमाणे त्यांना पत्र धाडलं:
‘आपण या यादीत येण्यास ईच्छुक असल्यास
कृपया होय असे कळवावे.’
हे वाक्य त्यांचंच. पहिल्या वर्षी त्यांनीच मराठीत घातलेलं.

रात्री नऊ दहाला उत्तर आलं.
जिथून कुठेच जात नाही
तिथे, वाऱ्याच्या आणि फरकाच्या तक्रारींखाली:

होय.
‘इच्छुक’ची पहिली इ ऱ्हस्व कर.
माझ्या लक्षात होतं, राहून जायचं.