निळी वायर

तीन तास होऊन गेले होते.
कुर्टीच्या चढावर, टायरवाल्याला लागून आमचं दुकान.
मी डॅशबोर्डचं पोट उघडून बसलेला
आणि मिनीन पायरीवर तिसऱ्या चहाशी.
नवा स्टिरिओ त्यानं जहाजावरून आणला होता,
खोक्यातल्या प्लास्टिकचीसुद्धा नीट घडी करून ठेवलेली.

पिवळी बॅटरीला. लाल चावीला. काळी अंगाला.
गाडीच्या बॉडीला आम्ही अंगच म्हणतो.
पांढरी, करडी, हिरवी, जांभळी
जोडीजोडीनं आपापल्या दाराकडे.
एक निळी उरली.
पुस्तिका म्हणाली, अँटेनासाठी.
ह्या गाडीला वर येणारा अँटेना नाहीच,
म्हणून टेप गुंडाळून मी तिला आत सारली.

चावी फिरवली.
पडदा उजळला, आकडे नाचले,
गाण्याचं नाव डावीकडून उजवीकडे सरकत गेलं,
पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

"उजवाड आसा," मिनीन म्हणाला. "आवाज खंय?"

दाराची पॅनेलं काढली, स्पीकरना सुटा सेल लावून बघितला:
थप्. थप्. चारही जिवंत.
जोड तपासले, फ्यूज तपासले,
शेवटी नव्या स्टिरिओलाच शिवी दिली.

पुनाजीमाम जेवून आले तेव्हा मी घामानं निथळत होतो.
बांदोड्यापासून शिरोड्यापर्यंत
जत्रेच्या नाटकांना ह्या माणसानं कर्णे बांधले.
राजा मरायला टेकला की नेमका कर्णा शीळ घाली
आणि अख्खा मांडव राजाला सोडून मामांकडे बघे.
उजवा कान त्यातच गेला.
डावा, ते म्हणतात, घरच्यांसाठी राखलाय,
तोही अर्धाच.

त्यांनी मला काही विचारलं नाही.
पुढच्या सीटखाली हात घातला.
आधी निघाली कोलव्याची रेती,
मग लहान मुलाची एक चप्पल
(मिनीननं ती घेतली, खिशात घातली, बोलला नाही),
मग गालिच्याखालून
एक चपटा, राखाडी, थंड डबा.

कंपनीचा अँप्लिफायर.
चारही दारं ह्याच्याच हाताखाली.
"जुना ह्याला रोज ऊठ म्हणायचा," माम म्हणाले.
"तू सगळ्यांशी बोललास.
ह्याला कोण उठवणार?"

मी टेप सोडली.
कंपनीच्या बाजूला निळी नव्हतीच,
तिथे गुलाबी होती, काळ्या रेघेची;
टेस्ट-लँप घेऊन एकेक हुडकावी लागली.
जोडली.
चारही दारांतून एकदम ठप्प,
झोपेतून दचकल्यासारखं,
आणि मग गाणं, इतकं मोठ्यानं
की टायरवाल्याचं कुत्रं रस्ता ओलांडून गेलं.

मिनीन हसला. मीही हसलो असतो,
पण एक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे
एक बारीक ऊंऽऽ चढत होतं, मच्छराएवढं.
मामांना ते ऐकू येणं शक्य नाही.
त्यांनी दारावर तळवा ठेवला.
"रडतंय," म्हणाले. "अर्थ कुठे दिलीस?"

मी दिली होती सीटच्या बोल्टाला.
वर रंग, रंगाखाली खाऱ्या हवेचा गंज.
"रंगाला अंग समजू नये, बाबा."
कानस घेऊन खरवडत राहिलो
रुपयाएवढं पांढरं लोखंड दिसेपर्यंत.
काळी तिथे आवळली. रडं थांबलं.

पैसे मोजताना मिनीननं विचारलं,
बारा तारखेला जहाज, गाडी आठ महिने झाकलेली;
हा जागा राहून बॅटरी खाणार नाही ना?
नाही, मी म्हटलं. निळीवर आहे.
स्टिरिओ निजला की तोही निजतो.

तो चढ उतरून गेला. बोरीच्या दिशेनं
बराच वेळ गाणं ऐकू येत होतं, म्हणजे मला.

शटर ओढायची वेळ झाली.
माम स्टुलावर, पाठमोरे, विजेरीत सेल घालत बसलेले.
मी उजवीकडून दोनदा हाक मारली.
मग वळसा घालून
डावीकडे गेलो.