पंधरा मिलिमीटर

तीन गाड्या, एक दिवस आणि माझी कंबर,
असा हिशेब मांडून निघालो,
उद्यमनगरातलं शटर अर्ध्यावर सोडून.
मागच्या सीटवर दिलावर मुल्लाणी.
त्याचा डावा कान टेस्ट बेंचवर गेला
आणि उजवा त्या दिवसापासून दुप्पट शहाणा झाला.

पहिली तांबडी.
काचेआड बसलेली तालमीतल्या पोरागत,
नुसती उभी असतानाही दंड दाखवत.
श्रेणिक मगदूम नावाचा पोरगा किल्ली देत म्हणाला,
"काका, शून्य ते शंभर, दहा सेकंदांच्या आत."
म्हटलं, बाळा, तीस वर्षं कॅमशाफ्ट घासतोय मी,
मला शून्य ते चाळीस सांग.
मिरजकर तिकटीला चाळीसच्या पुढं
फक्त ॲम्ब्युलन्स जाते, तीही पेशंटचं नशीब असेल तर.
तो हसला. त्याला वाटलं विनोद.

हायवेला लागल्यावर जरा पाय दाबला.
टर्बो आधी गप्प,
मग एकदम अंगात आल्यासारखा.
पाठ सीटला चिकटली, आणि माझं वय
उचगावच्या पुलाखाली कुठंतरी पडलं.
खोटं कशाला बोलू, ओरडलो.
चोपन्नाव्या वर्षी.
दिलावरनं ऐकलं नाही, किंवा तसं दाखवलं.

मग तिला पेठेत आणली.
आमच्या गल्लीच्या तोंडाला मंडळाच्या पोरांनी
उरलेल्या सिमेंटचा गतिरोधक घातलाय,
कुठल्याच मापात न बसणारा.
तिथं तिचं पोट घासलं.
आवाज असा, की मगदूमनं खिडकीबाहेर बघितलं.

दुसरी राखाडी. क्लच नाही.
गिअर आहेत, पण ते तिचे ती बघते,
आपण पाहुणे.
वाघबिळाच्या वळणांवर रेलली नाही, हे कबूल,
उसाच्या दोन ट्रॉल्या एका दमात मागं टाकल्या, तेही कबूल,
पण स्टिअरिंग भिजवलेल्या कणकेसारखं,
रस्ता काय म्हणतोय ते हाताला सांगेना.
'स्पोर्ट' असं लिहिलेलं बटण दाबलं
तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधनं आला.
स्पीकरमधनं!
दिलावर पहिल्यांदा बोलला:
"वरात आहे, घोडा आहे, नवरा फोटोतला."

तिसरी शोरूममधली नव्हे.
सरनोबत डॉक्टरांची पांढरी, बारा वर्षांची,
टर्बो नाही, फुशारकी नाही,
गिअर मात्र आखूड, खटकन बसणारा,
नटावर पाना बसावा तसा.
गंगावेशीत म्हशी आडव्या आल्या,
सहा-सात, शिंगं रंगवलेली, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या.
पहिल्यात, दुसऱ्यात, परत पहिल्यात
ती त्यांच्या मागनं सरकत राहिली,
ना हिसका, ना कुरकुर.
दिलावरनं पुढं वाकून डॅशबोर्डवर तळवा ठेवला,
डॉक्टर नाडी बघतात तसा.
"चौथ्याला टॅपेट वाजतंय," म्हणाला.
आणि बऱ्याच वेळानं,
"पण खोटं बोलत नाही."

म्हणजे ठरलंच होतं.
रोजचा रस्ता बारा मिनिटांचा,
तिसरा गिअर सणासुदीला.
शहाण्या माणसानं पांढरी घ्यावी.
घरी सुलभानं एकच विचारलं,
"डिकीत सिलिंडर मावतो का?"
मी चार सिलिंडरांत अडकलेलो,
पाचवा कुणी बघितलाय.

रात्री मगदूमचा फोन दोनदा आला, उचलला नाही.
टेप घेऊन गॅसच्या टाकीचा घेर मोजला.
मग टेप हातातच होती म्हणून
चप्पल घालून गल्लीच्या तोंडाला गेलो.
गतिरोधक एकशे ऐंशी.
तांबडीचा तळ, कागदावर, एकशे पासष्ट.
पंधरा मिलिमीटर.
दोन मायक्रॉनसाठी मी गिऱ्हाइकाशी भांडलोय,
अख्खा लॉट परत घेतलाय,
पंधरा म्हणजे काय ते मला विचारा.

कुत्रं भुंकलं. मंडळाचा दिवा बंद होता.
मी वाकून सिमेंटवर नख ओढून बघितलं,
माल कच्चा आहे.
दिलावरला फोन लावला, त्याच्या उजव्या कानाला:
"झोपलास काय?
हॅण्ड ग्राइंडर कुणाकडं आहे सध्या?"